टिकलीखालचा डाग

आई, आज पुन्हा एकीनं मला विचारलं, रोज मेकअप केल्यानं त्वचा खराब होते का. बेळ्ळंदूरला सौंदर्यप्रसाधनांच्या प्रयोगशाळेत काम करते म्हटल्यावर लोक लग्नात, लिफ्टमध्ये, कुठेही हे विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: काय लावता, त्यात काय आहे, किती वेळ ठेवता आणि काढता कसं, त्यावर आहे. मी रोज लावते, घरी आले की धुते, माझ्या चेहऱ्याला काही झालेलं नाही. तुला हे पटलं नसतं. कॉलेजच्या गॅदरिंगहून मी फाउंडेशन लावून घरी आले, तेव्हा तू मला स्वयंपाकघरातल्या नळाशी उभी केलीस. "तोंडाची कातडी जाईल एक दिवस, मग ये रडत," म्हणालीस आणि बेसनानं माझे गाल लाल होईपर्यंत घासलेस. तेव्हा तुझ्या कपाळावर मरून टिकली होती. ती तू मेकअपमध्ये धरतच नव्हतीस. झोपतानाही न काढलेली वस्तू कोण कशात धरतं?

माझ्या लहानपणी ती टिकली मसुराच्या दाण्याएवढी होती. मग वाढत गेली. आत्या जेवायला आली की म्हणायची, "वैनी, स्वल्प लहान टिकली मिळत नाही का चिकपेटात? हा तर बंदा रुपया झाला." सगळे हसायचे, तूही हसायचीस. खाली पांढरा डाग होता. तो झाकायला तू मोठी टिकली लावायचीस, तिचा गोंद कडेच्या नव्या त्वचेला लागायचा, पांढरेपण तिथवर सरकायचं, की आणखी मोठी टिकली. त्या गोंदातलं एक रसायन काही जणींच्या त्वचेतल्या रंग तयार करणाऱ्या पेशी मारतं. हे मला आता माहीत आहे, पण तुलाही डॉक्टरांनी सांगितलं होतं, माझ्यासमोर.

इंदिरानगरच्या त्वचेच्या डॉक्टर बाई म्हणतात, "टिकली काढा बघू." तू आधी दाराकडे बघतेस, बंद आहे ना म्हणून. मग नखानं ती सोलून काढतेस आणि मी पहिल्यांदा तुझं कपाळ बघते. त्या सांगतात, टिकली बंद करा, हवं तर साधं कुंकू लावा. तू दोन दिवस कुंकू लावलंस. घामानं ते ओघळलं, भोवती पांढरी कड दिसली आणि तिसऱ्या दिवशी टिकली परत आली. पण त्याआधी, डॉक्टरांकडून येताना रिक्षातच तू टिकली न सोडायचं ठरवून टाकलं होतंस. "कोड आहे म्हणतील. तुझं लग्न व्हायचंय अजून."

"कोड असलं तरी काय? ते काही पाप नाही, कुणाला लागतही नाही. आणि टिकली काढलीस तर वाढणार तरी नाही."

"काढली की दिसणार."

"आई, लावतेस म्हणून वाढतंय."

"सरी, कळलं, मोठी डॉक्टरीण झालीस. तुझे अण्णा समोर बसलेले असताना मी मोकळं कपाळ घेऊन वावरू?"

माझ्या लग्नाच्या नावावर तू हे का टाकलंस? मी मागितलं नव्हतं. मी आजही लग्न केलेलं नाही, आणि त्यात तुझ्या कपाळाचा काही संबंध नाही. तू गेलीस तेव्हा आत्यानं तुझं कपाळ कुंकवानं भरलं आणि बायका म्हणाल्या, भाग्याची, सवाष्ण गेली. मला तिथून उठून जावंसं वाटलं. परवा मी अण्णांना सरळ विचारलं, आईनं टिकली लावणं सोडलं असतं तर तुम्हाला चाललं असतं का? ते पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "मी तिला कधी काही म्हटलं का?" नाही म्हटलं. इतक्या वर्षांत एकदाही, 'राहू दे गं, काढ ती,' असंही म्हटलं नाही. तुझी मोकळी त्वचा या घरात माझ्या आणि डॉक्टर बाईंखेरीज कुणालाच हवी नव्हती, आणि डॉक्टर बाई या घरातल्या नव्हत्या.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहिते. वर मी डॉक्टरांचा एक शब्द गाळला. त्या 'बहुधा' म्हणाल्या होत्या. बहुधा टिकलीच्या गोंदानं. खात्रीसाठी पाठीवर पट्ट्या लावून चाचणी करायची होती, तिला तू गेली नाहीस. ते कोडही असू शकेल. मग टिकली काढूनही ते वाढतच राहिलं असतं, आणि तू फक्त जमेल तसं झाकत होतीस. प्रयोगशाळेत एवढ्या पुराव्यावर मी एक ओळही लिहीत नाही. तुझ्या बाबतीत मात्र मला दोषी तो गोंदच हवा आहे.