सीटमधली लोकर

बिस्मिल्लाह. मी, मुंजिया बिन्त सालिम, वय एकाहत्तर, राहणार स्फाक्स, मासळीबाजारामागे, हे पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. तसा प्रयत्न नवऱ्याने पूर्वी करून पाहिला आहे.

१. मूलबाळ नाही. घर आणि बँकेतली शिल्लक कायद्याप्रमाणे पती हेदी आणि बहीण नझीहा यांना जाईल. नझीहाने नेलेली कुसकुस शिजवायची हंडी तिच्याच वाट्यात धरावी. ती परत येण्याची आशा मी सोडली आहे.

२. मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत मला माझ्या मर्जीने देता येतं. त्यात मी मोटारसायकलच्या सीटमधली लोकर धरते. मोटारसायकल हेदींची, लोकर माझी. माझ्या लग्नाच्या गादीसाठी आईने ती समुद्रात धुऊन, वाळवून, हाताने पिंजली होती. सीटमधल्या फोमचा भुगा झाला तेव्हा, मी हमामला आंघोळीला गेलेली पाहून, यांनी गादी उसवली.

मी परत आले तर हेदी सीट मांडीवर घेऊन लोकर कोंबत बसलेले. "गादी पातळ असली की पाठीला बरी," म्हणाले. त्यांचे टाके बघवेनात म्हणून नवं कव्हर मीच मशीनवर शिवलं आणि ताणून सीटच्या पत्र्याखाली पक्कं केलं. चोरी त्यांची, शिलाई माझी.

कोपऱ्यावरचा सीटवाला गफूर बघून म्हणाला, "मावशी, हे तर खोगीर झालं. आता गाढव आणा."

"ते आहे घरात," मी म्हटलं.

तेव्हापासून पाऊस पडला की गाडीला मेंढीचा वास येतो. मी मागे बसते आणि तक्रार करते. दोन्ही मला आवडतं.

३. मी गेल्यावर सीट उसवावी. मागच्या भागातली लोकर नझीहाची मुलगी इब्तिसाम हिच्या लग्नाच्या गादीत घालावी. पुढची राहू द्यावी, हेदींना मूळव्याध आहे. हेदी दुसरं लग्न करतील. जी येईल तिने मागे पत्र्यावर बसावं. माझ्या आईच्या लोकरीवर दुसरी कोणी बसलेली मला खपणार नाही.

४. इथवर वाचून दाखवल्यावर हेदी बराच वेळ चष्मा पुसत होते. मग म्हणाले, "पोरीला पुढची दे. मागची राहू दे."

"आणि तुम्ही कशावर बसणार?"

"मागे सरकून बसेन. तुझ्या जागेवर."

तिथून हात हँडलपर्यंत पोचत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलेलं नाही. कलम तीन रद्द. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे करावं.

सही: मुंजिया बिन्त सालिम

साक्षीदार: शेजारीण राधिया, गफूर सीटवाला (सही त्याच्या टाक्यांसारखीच वाकडी आहे, पण त्याचीच आहे)

स्फाक्स, १४ नोव्हेंबर २०१९