ज्वारीच्या दाण्याएवढं टोक

मंगळ, ४ नोव्हें.
आज पुन्हा ओटीत, ऑपरेशन थिएटरात, तीन तास उभी. सर्जरीचं पोस्टिंग म्हणे. टेबलाभोवती दोन रांगा, मी तिसरीत. दिसल्या फक्त हिरव्या गाऊनच्या पाठी. एमबीबीएसचं शेवटचं वर्ष, आणि माणसावर टाक्याची एक गाठ मारलेली नाही.
ऑनलाइन कोर्सला नाव नोंदवलं. सहा आठवडे. घरी शिकायचं, हातांचा व्हिडिओ पाठवायचा, नैरोबीच्या एक सर्जन मॅडम तपासणार. सर्जरीच्या सरांना सांगितलं तर म्हणाले, "मोबाईलवर पोहायला शिकून सिद्धेश्वर तलावात उडी मारणार का?" सगळे हसले. हसू देत. मी विचारलं, पास झाले तर ओटीत गाठ मारू द्याल का? "आधी हो तर खरं."
मी हे 'हो' असं धरलंय.

रवि, ९ नोव्हें.
खोकं तयार. नान्ना, म्हणजे वडील, मागावर काम करतात त्या कारखान्यातलं टॉवेलचं रिकामं खोकं, वर भोक, भोकाशी मोबाईल, आत माझे हात. वॉर्डातल्या पठाण सिस्टरनी मुदत संपलेला दोरा दिला. "घे गं, पेशंटला चालत न्हाय, केळ्याला चालतंय की." केळ्याची साल टाके घालून शिवली. अम्मा म्हणते, सोललेली केळी कोण खाणार? मीच खातेय. आज सात झाली.

शनि, १५ नोव्हें.
नान्ना मागावरून आले, माझ्या गाठी बघत बसले. त्यांनी एकदा करून दाखवली. बोटं दिसलीच नाहीत. तीस वर्षं यंत्रमागावर तुटलेले दोरे जोडतायत. लहानपणी सुट्टीत मीही जोडलेत, म्हणून वर्गात माझा हात सगळ्यांत भरभर चालतो. व्हिडिओ पाठवला. एका मिनिटात बावीस गाठी. बघाच म्हणावं.

मंगळ, १८ नोव्हें.
नापास.
मॅडमनी लिहिलंय: गाठी सुंदर, पण दोऱ्याची टोकं कुठायत? अगदी गाठीलगत कापलीस. गाठ ओली झाली की सुटेल. आणखी एकच संधी, नाहीतर कोर्समधून बाहेर.
डोकं फिरलं. लांबलचक उत्तर लिहिलं. आमच्याकडे लांब टोक म्हणजे चूक असते. मागाच्या फणीत अडकतं, शेजारचा दोराही तुटतो. टोक ठेवलं की नान्ना रागवायचे. आमचा हात तुम्हाला काय कळणार, वगैरे.
त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं. हातमोज्याचं एक बोट टोकाला काप, त्याच्या मुळाशी दोऱ्याची गाठ मार, मनगटाकडून मोज्यात पाणी भर, दाब. मग माझ्याशी भांड.

बुध, १९ नोव्हें.
केलं. दहा मोजे. चार सुटले. अंगणभर पाणी.
पाणी होतं म्हणून बरं.
रडले, खोटं कशाला लिहू. चुकल्याचं नाही एवढं. ज्या हाताचा तोरा मिरवत होते तोच दगा देत होता, त्याचं.
नान्नांना सांगायला लाज वाटत होती. त्यांची शिकवण चुकीची म्हणायची कशी? तरी सांगितलं. ते ओले मोजे उचलून बघत राहिले. मग नेहमीच्या तेलुगू-मराठी खिचडीत म्हणाले, "मागाशेजारी मी उभा असतोय की. गाठ सुटली तर माग थांबवतो, परत बांधतो. पोटात कोण उभं राहणार हाय?"
बस. एवढंच बोलून जेवायला बसले.

रवि, ३० नोव्हें.
हात ऐकत नाही. कात्री आपोआप गाठीशी जाते. मॅडम म्हणतात चार मिलिमीटर. पट्टी लावून किती वेळा बघणार? अम्मा ज्वारी निवडत होती. एक दाणा खोक्यात ठेवला तिने. "एवढंच ना? मग एवढंच ठेव." तो दाणा आता खोक्यातच चिकटवलाय. आज साठ गाठी मारल्या, साठही टिकल्या. व्हिडिओ पाठवला.

मंगळ, १६ डिसें.
पास. मॅडमनी लिहिलंय, तू भांडलीस ते आवडलं, तपासून पाहिलंस ते जास्त आवडलं.
प्रमाणपत्राचा कागद घेऊन सरांकडे गेले. "असले कागद पैशाला पासरी." वाटलंच होतं. बाहेर ठेवलेलं खोकं आत आणलं, त्यांच्या टेबलावर मांडलं, मोज्याला गाठ मारली, पाणी भरलं. म्हटलं, दाबा सर. सरांनी दाबलं. मग दोन्ही हातांनी दाबलं. पाण्याचा थेंब नाही. दाण्याकडे बोट करून म्हणाले, हे काय? सांगितलं.
सरांनी मोजा परत माझ्या हातात दिला. मग, "गुरुवारी सातला ये. हात धुऊन उभी राहा. दोरा द्यायचा की नाही ते तिथं बघू."
'बघू' म्हणजे नाही, असं मैत्रिणी म्हणतात. त्यातल्याच दोघींनी संध्याकाळी सरावाला खोकं मागितलं.

गुरु, १८ डिसें.
पहाटेच लिहितेय. नखं कापली. अम्माने दोनदा चहा दिला. नान्ना पाळीवर गेले, जाताना दारातून फक्त खोक्यातल्या दाण्याकडे बोट दाखवलं.
आज तिसऱ्या रांगेत उभी राहणार नाही. दोरा नाही दिला तर उद्या सातला परत हजर. परवाही. सर कंटाळतील, मी...
रिक्षा आली.