दोन भट्ट्यांची काच

काकी, आज भट्टी पूर्ण निवल्यावरच उघडली, एवढंच सांगायला बसले होते. काल सकाळी तिची भोकं ओल्या मातीनं लिंपली आणि दिवसभर तिच्याकडे पाठ करून बसले. तुम्ही गेल्याला तीस वर्षं होऊन गेली. संस्थान राहिलं नाही, राजवाड्यावरचं निशाण बदललं, मीही शाळेतून निवृत्त झाले. पण भट्टी आतून गरम आहे तोवर हात आवरणं मला अजून जड जातं. तुम्ही असता तर म्हणाला असता, "मास्तरीणबाई, काच म्हणजे नागलीची भाकरी नव्हे, तव्यावरून थेट ताटात घ्यायला."

मी जव्हारला आले तेव्हा मुलींच्या शाळेत माझ्याशिवाय दुसरी बाई नव्हती. कॉलेज केलेलं, लग्न झालेलं, आणि सात महिन्यांत नवऱ्याचं घर सोडून आलेली. गावानं मला वाईट वागवलं नाही, हे कबूल केलं पाहिजे. पालक अदबीनं बोलत, सणाला कुणी फराळ पाठवी. पण कुणी बस म्हणत नसे. आईचं पत्र महिन्यातून एकदा येई आणि प्रत्येक पत्रात तोच प्रश्न असे, तू नांदत का नाहीस? उत्तर मी एकदाच लिहिलं होतं. ते तिनं वाचलं नसावं, किंवा वाचून ठेवून दिलं असावं.

तुमच्या बांगड्यांच्या दुकानात मी पहिल्यांदा आले ती एका मुलीची हरवलेली पाटी शोधत. तुम्ही ओट्यावर बसून बांगड्यांचे तुकडे रंगांप्रमाणे निवडत होता. मागच्या पडवीत मातीची बुटकी भट्टी होती, कोळशावरची. तुमच्या सासऱ्यांनी घातलेली, आणि त्यांच्यामागे ती चालवणाऱ्या तुम्ही एकट्याच. सपाट खापरावर चुन्याचा हात फिरवायचा, त्यावर तुकडे मांडायचे, आणि भट्टीत ते एकमेकांत विरघळून एक अख्खी चकती व्हायची. डोंगरातल्या बायका ती गळ्यातल्या माळेत ओवायला नेत. मी विचारलं, "या फोडलेल्या बांगड्या कुठून आणता?" तुम्ही एकदम मान वर केलीत. "फोडलेल्या म्हणू नये. वाढलेल्या म्हणावं." मी म्हटलं, तुकडे झालेली वस्तू वाढते कशी? "ते तुमच्या बुकात नसंल. बसा." काकी, त्या गावात मला बस म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या.

मग मी रोज शाळा सुटली की येऊ लागले. मुलींना मी छडीचा धाक दाखवी आणि तासाभरानं तुमच्यासमोर शिकाऊ होऊन बोलणी खाई. चुना जाड लागला की काचेच्या पाठीला पांढरे डाग पडत. पातळ लागला की काच खापर सोडत नसे. भट्टीच्या भोकातून तुम्ही मला आत पाहायला लावता. आधी तुकड्यांच्या धारा मऊ होतात, मग ते दमल्यासारखे खाली बसतात, मग पाण्यासारखी चकाकी येते. "आता. आता बंद करा. बघत काय राहता, तमाशा आहे का?" मी घाईनं माती थापते आणि बोट भाजून घेते. तुम्ही माझं बोट धरून माठात बुडवता आणि हसता. माझ्या अंगाला कुणी हात लावून वर्ष झालं होतं. हे मी तेव्हा मोजलं नव्हतं, नंतर मोजलं.

मला चकत्या करायच्या नव्हत्या, तबक करायचं होतं, हिरवं आणि मध्ये निळा पट्टा. हिरव्या बांगड्या तुमच्याकडे ढीगभर होत्या. निळी काच मी दवाखान्यातून आणली, औषधाची रिकामी बाटली. तुम्ही ती उजेडात धरून पाहिलीत आणि म्हणालात, "ही आपल्यातली नाही." मी म्हटलं, काच ती काच. तुम्ही वाद घातला नाहीत. माझ्या हट्टाला तुम्ही भट्टी दिलीत.

तबक बाहेर निघालं ते सुंदर होतं. तो बाजाराचा दिवस होता. ओट्यावर खोडाळ्याकडच्या दोन बायका बांगड्या भरायला बसल्या होत्या. त्यांतली थोरली म्हणाली, "मास्तरीनबाय, तुज्या हातात येक बांगडी नाय, न काच भाजतेस?" मी तिच्याकडे दुर्लक्ष करून तबक उचललं. टक् असा आवाज झाला. निळ्या पट्ट्याच्या कडेनं, सुरीनं कापल्यासारखे दोन तुकडे माझ्या दोन हातांत आले. तुम्ही बांगडी चढवता चढवता, मान वर न करता म्हणालात, "दोन भट्ट्यांची काच. चिकटते, एकजीव दिसते, पण नांदत नाही."

त्या दोघी हसल्या. कशाला हसल्या, देव जाणे. मी दोन्ही तुकडे ओट्यावर ठेवले आणि वर्गात बोलते त्या आवाजात म्हणाले, "माझ्या संसाराचा निवाडा करून घ्यायला मी इथे येत नाही." तुमचे हात थांबले. "अहो बाई, मी काचेचं बोलते." तोवर मी चपला घातल्या होत्या.

त्यानंतर मी तुमच्या आळीतून जाणं सोडलं, लांबून वळसा घालून शाळेत जाऊ लागले. भाद्रपदात तुम्हाला हिवताप झाला आणि पाचव्या दिवशी तुम्ही गेलात. मला ते वर्गात एका मुलीनं सांगितलं. मी तिला पाढे पुढे म्हणायला सांगितले.

पुढे मी घरामागे स्वतःची भट्टी घातली. जे तुम्ही एका शब्दात सांगितलं असतं ते शिकायला मला एकेक पावसाळा लागला. विचारायला कुणी नव्हतं. वेगवेगळी काच मी मुद्दाम एकत्र भाजून पाहिली, पुन्हा पुन्हा. ती निवताना कमीजास्त आकसते आणि एकमेकींना ओढून तडकते. तुम्ही काचेचंच बोलत होता. पण हे समजायला मला भट्टी लागली, असं मी आजवर स्वतःला सांगत आले, आणि तेही खरं नाही. ओट्यावर तुमचे हात थांबले तेव्हाच मला समजलं होतं.

आणखी एक राहिलं. तुम्ही आजारी पडण्याआधी, एका दुपारी, तीच खोडाळ्याची थोरली बाई शाळेत आली होती. म्हणाली, "कासारनीनं सांगलाय, तुजा तबक तिनं फिरून लावलाय. सगली येकाच जातीची काच. भट्टी लिंपून ठेवलीय, तुज्याच हातानं उघडायची हाय. येतेस का?" मी म्हटलं, "सांग, शाळेचं काम आहे." तिनं रिकाम्या वर्गाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गेली.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. त्या दिवशी शाळेला सुटी होती, काकी; घरी करमेना म्हणून मी तिथे जाऊन बसले होते. मला काही काम नव्हतं.