देव नळदुर्गाला असताना

अणदूर, ३ डिसेंबर २०२५

तीर्थरूप बब्रुवानमामांस,
अक्षदाचा साष्टांग नमस्कार वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला ओरडून रडता येत नाही, म्हणून पत्र. खंडोबाचं देऊळ पाहुण्यांना हिंडून दाखवायचं काम मी हट्टानं मागून घेतलं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. देवळाचं बघणारे सिद्रामप्पा एका खेपेला कबूल झाले. जमलं तर काम माझं, नाहीतर सोलापूरच्या दुकानातली नोकरी धरायची.

सोलापूरच्या चाळीस निवृत्त शिक्षिकांना दिवाळीतच चौदा डिसेंबरची तारीख दिली. आणि मामा, देव तर तेव्हा दरसालच्या दोन महिन्यांच्या मुक्कामाला नळदुर्गाला! पंधरा दिवसांपूर्वी मीच भंडारा उधळून त्याला निरोप दिला, तरी डोक्यात प्रकाश पडला नाही. सिद्रामप्पा म्हणतात, नवरदेवाबिगर वरात काढतीस व्हय? डागडुजी चाललीय असं कळवून टाकू का? लवकर लिहा.

तुमच्या मायेवर हक्क सांगणारी,
अक्षदा

वाशी, ८ डिसेंबर २०२५

चि. अक्षदास, अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून मामी पोट धरून हसली, मीही थोडा हसलो. गावात राहून असा घोटाळा करायला अक्कल लागते. पण देवाच्या नावावर थाप मारू नकोस. बायांना आजच फोन करून खरं सांग आणि तरीही या म्हण.

देव असला की गर्दीत मान वर करून देऊळ कोण बघतं? आता निवांत दाखव. आपल्या गावचा देव दुसऱ्या गावाला राहायला जातो, दोन्हीकडचे मानकरी बसून लेखी करार करतात, हे सोलापूरच्या बायांनी कुठं पाहिलंय? झाडलोट करणाऱ्या हरणाबाईंना दोन शब्द बोलू दे. तुला सोलापूरला धाडायला माझंही मन होत नाही.

मामीचे आशीर्वाद. लोभ आहेच, पत्रानं तो ताजा ठेव.
तुझा मामा

अणदूर, १६ डिसेंबर २०२५

तीर्थरूप मामांस,
सा. न. वि. वि.

तीन बाया सोडून सगळ्या आल्या. दारातच सांगितलं, आज घरधनी गावाला गेलेत, घर तेवढं दाखवते. त्या हसल्या आणि मी त्यांना आत नेलं.

मी कराराचं सांगत होते, तर एकीनं विचारलं, नळदुर्गकरांनी देव परत दिलाच नाही तर? खांबाला टेकून बसलेले सिद्रामप्पा ताडकन उठले. शब्दाला शब्द हाय बाई, म्हणाले, आणि पुढं अर्धा तास मला तोंड उघडू दिलं नाही. देव निघतो त्या दिवशी घास गिळत न्हाय, हेही त्यांनी सांगून टाकलं. हरणाबाईंना कुणीतरी विचारलं, देव नसताना रोज झाडता कशाला? त्या म्हणाल्या, धनी परगावी गेला म्हून घर पारोसं ठिवत्यात व्हय? मग सगळ्या बायांनी गाभाऱ्यातल्या रिकाम्या जागेपुढं डोकं टेकलं.

संध्याकाळी सिद्रामप्पांनी बोलावलं. आता सोलापूरच, असं समजून मी गेले. त्यांनी पुढची मंडळी कधी येणार ते विचारलं. मी घाईनं म्हटलं, देव परत आल्यावरची तारीख देते. तर म्हणाले, त्याच्या आदीबी एक खेप आण. देव असल्यावर कुनीबी दावतंय, नसताना दावलीस म्हून काम तुझं.

मामींना नमस्कार. अशीच माया करत राहा.
तुमची लाडकी,
अक्षदा