मुकुटात माणकं किती?

३ मार्च
सापडलं! बारावं सापडलं! तेही तीन गल्ल्या सोडून, दातांच्या म्हाताऱ्या डॉक्टरकडे. राजघराण्याच्या दागिन्यांची ही बारा जुनी चित्रं – तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली, मग एकेक हाताने रंगवलेली. अकरा माझ्याकडे. वीस वर्षं देशोदेशी पत्रं धाडतोय आणि राणीचा मुकुट इथे, याच्या बैठकीत! चौकटीवर काळं कापड. ‘‘मुकुटच आहे, पण उजेडाने रंग उडतो,’’ म्हणाला. उचललं नाहीच. बरोबर आहे, मीही माझी कपाटातच ठेवतो.

४ मार्च
विकत मागितलं. नाही म्हणाला. वर माझीच अकरा मागितली! निर्लज्ज.

९ मार्च
तोडगा निघाला. जो आधी जाईल त्याची चित्रं दुसऱ्याला. कागद केला, सह्या झाल्या. साक्षीदार बायको. ‘‘कागदी दागिन्यांसाठी मरायच्या शर्यती लावा! माझ्या हातातल्या बांगड्या कुठल्या रंगाच्या, सांगा बघू?’’ हिरव्या म्हणालो. चुकलं.
तो ब्याऐंशीचा, मी पंच्याहत्तरचा. काळजी नाही.

१० मार्च
काळजी आहे. इथेच लिहितो, बोलणार कुणाला? सातवं चित्र, पाचूचा हार – गेल्या वर्षी माझ्या हातून त्यावर चहा सांडला. पाचूंचा पार चिखल. म्हणजे माझ्याकडे धड दहाच! मी आधी गेलो तर त्याला कळणार. मेल्यावर अब्रू जायची! तेव्हा मरून चालायचं नाही.

१८ मार्च
सकाळी फिरायला निघालो. समोरून कोण? तोच! पायात नवेकोरे बूट. ‘‘तब्येत काय म्हणते?’’ दोघं एकदमच बोललो. मग आधी थांबायला कुणी तयार होईना. मैदानाला सात फेऱ्या! घरी येऊन आडवा झालो.

२ एप्रिल
त्याने साखर सोडली. मीही सोडली.

२१ एप्रिल
मला ताप. पठ्ठ्या सकाळीच हजर. वाटलं, चित्रं मोजायला आलाय. तर गोळ्या घेऊन आलेला! उशाशी बसून दटावलं, ‘‘एवढ्यात जायचं नाही हं. माझ्याबरोबर फिरणार कोण?’’
हा माणूस स्वतःचंच नुकसान करून घेतोय. वेडा आहे.

१४ मे
रोज फिरतो, रोज भांडतो. आज विचारलं, मुकुटात माणकं किती? ‘‘सतरा.’’ मागच्या आठवड्यात तेरा म्हणाला होता. वय झालं बिचाऱ्याचं. तरी बरं वाटतं त्याच्याबरोबर. खरंच बरं वाटतं.

६ जून
आला नाही. बाकावर दहापर्यंत बसलो. मग त्याच्या मुलीचा फोन. झोपेतच गेला.

७ जून
काही नाही.

२० जून
मुलगी चौकट देऊन गेली. म्हणाली, ‘‘बाबा सारखे म्हणायचे, तुमच्या आधी मरून चालायचं नाही, अब्रूचा प्रश्न आहे.’’
कापड काढलं. आत नुसता पुठ्ठा. कडेला वाळवीची माती आणि मुकुटाचा नखाएवढा तुकडा. त्यावर एकच माणिक.
लबाडा! एकदा बोलला असतास, तर मीही चहाचं सांगितलं असतं रे!