दोन बोटांची खूण

जॅक्सन, मिसिसिपी
१४ एप्रिल

प्रिय वर्नेल मावशी,

तुझे गुडघे कसे आहेत? रोलांडाच्या मायलोला दात आले का? तिलाही उशिराच आले होते, असं आई सांगते. मी बरी आहे. म्हणजे, तशी बरी. नोकरी अजून तीच आहे, पण तेवढ्यावरून पत्र फेकून देऊ नकोस.

रोलांडाला पुरून आल्यावर चर्चच्या जेवणघरात तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "रक्तदाब मोजायचं यंत्र मंजूर झाल्याचं आज कळवलं विमावाल्यांनी! आता कुणाला लावू? आणि आमची ही शिकलेली त्यांच्याच दारी चाकरीला!" मी ताटातला कॉर्नब्रेड तसाच टाकून निघून आले. आज मात्र सांगण्यासारखं आहे.

आमची विमा कंपनी बाळंतिणींना चौकशीचे फोन करते. आपल्या काळ्या बायका ते उचलत नाहीत, म्हणून ते बंद करावेत, यासाठी सोमवारी बैठक होती.

हॅडलीसाहेब म्हणाले, "गोऱ्या बायका उचलतात की. यांनाच काय होतं?"

मी म्हटलं, "साहेब, तुमच्या नंबरवरून आमच्याकडे आजवर 'नाही' एवढंच आलंय. कोण उचलेल?"

"फोन नाही उचलला, तरी हॉस्पिटल आहेच ना?"

"गोरी बाई डोकं दुखतंय म्हणाली की तिला खाट मिळते. बाळंतपणानंतर रोलांडा तेच म्हणाली, तर तिला 'घरी जाऊन झोप' मिळालं."

"रोलांडा कोण?"

"माझी मावसबहीण. तुमची सभासद होती."

मग मी कागद न बघता सगळं बोलले. यंत्र बाळंतिणीबरोबरच घरी जाईल, मंजुरीची वाट बघायची नाही. तिच्या विश्वासाची एक बाई पोटुशी असल्यापासून बाळ बाळसं धरेपर्यंत सोबत राहील, तिचा पगार कंपनी देईल. आणि तक्रार न ऐकता कुणाला घरी पाठवलं, तर त्या हॉस्पिटलला आम्ही जाब विचारू.

साहेबांनी एक वर्ष दिलंय. फरक दिसला नाही तर बंद. मी म्हटलं, दिसेल. यातलं काहीच रोलांडाच्या कामाचं नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही मी हे तडीस नेणार.

ही एवढी धीट कधीपासून झाली, असं वाटेल तुला. झाले नाही. बैठकीआधी मी दोनदा दारावरून परत फिरले होते, आणि सकाळपासून पोटात अन्न ठरलं नव्हतं. अन्न न ठरण्याचं कारण मात्र बैठक नव्हती.

आठवतं, लहानपणी तू मला चर्चच्या दाराशी, येणाऱ्यांना जागा दाखवायला, तुझ्याशेजारी उभी करायचीस? पांढरे हातमोजे, एक हात पाठीमागे, तोंडातून शब्द नाही. जितकी माणसं, तितकी बोटं. मग आतली बाई तेवढ्या जागा करणार. एकदा गोंधळून मी चौघांना तीन बोटं दाखवली आणि चर्चचे म्हातारे कारभारी, डीकन, अख्खं प्रवचन उभे राहिले. तू हसू दाबत म्हणालीस, "बाई गं, मोजताना कुणाला वगळू नकोस."

येत्या रविवारी मी चर्चला येतेय. एकटीच येईन, पण दाराशी दोन बोटं दाखवीन. मला दिवस गेलेत, मावशी. ऑक्टोबरमध्ये बाळ येईल. आईलाही अजून सांगितलेलं नाही. आधी तुला सांगायचं होतं.

शिक्षण, हुद्दा, कंपनीचा बिल्ला, यातलं काही त्या खाटेवर माझ्या कामी येईल, असं मला वाटत नाही. जवळ कोण उभं राहणार ते आता आपण ठरवायचं असतं, हा नियम मीच भांडून करून घेतलाय. मला तू हवीस. मला कुणी 'घरी जाऊन झोप' म्हणालं, तर तू तिथून हलायचं नाहीस.

राग सोड, असं मी म्हणत नाही. रविवारी बोलूही नकोस हवं तर. आत जागा आहे की नाही, तेवढं हातानं सांग.

आम्हा दोघांकडून,
तुझी शनीस