घाटावरचा वस्तरा

३ फेब्रुवारी

सगळं बदललं ते आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, किशोरभाऊंनी माझ्या गालावर ओला ब्रश फिरवला तेव्हा. मुद्दाम लिहून ठेवतोय. एकवीस वर्षांत काहीतरी चांगलं बदलल्याची तारीख माझ्याकडे पहिल्यांदाच आलीय. कॉलेज सुटल्याची तारीखही पाठ आहे, पण ती वेगळी.

काल देवळ्याहून आलो. पंचवटीतल्या गल्लीत खाली भाऊंचं वर्कशॉप, वर माझी खोली. भाऊ वीस वर्षं सातपूरच्या एका कंपनीत लेथवर होते. आता जुने रेझर दुरुस्त करतात, दाढीचे साबण बनवतात. पुण्या-बंगळूरचे हौशी लोक ऑनलाइन मागवतात. रेझर घासणं, साबण ढवळणं, पार्सल बांधणं, हे माझं काम.

दाढी म्हणजे कटकट, असंच मला वाटायचं. भाऊंनी खुर्चीत बसवलं. आधी गरम टॉवेल. मग वाळ्याचा साबण, त्यात विंचूरहून आणलेलं द्राक्षबियांचं तेल. फेस दह्यासारखा घट्ट होईपर्यंत ब्रश गोल गोल. मग साठ सालचा रेझर, दांडी फिरवली की डोकं दोन झडपांसारखं उघडतं. जोर लावू नको, म्हणाले, त्याच्या वजनाला काम करू दे. जोर न लावता काही होतं, हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. शेवटी थंड पाणी आणि तुरटी. मिशीला हात लावू दिला नाही. आमच्या घरात बाप असेपर्यंत मुलगा मिशी काढत नाही, आणि आप्पांना स्वतःच्या मिशीइतकाच माझ्या मिशीचाही अभिमान.

रोहिणीला फोटो पाठवला. तिने नुसता अंगठा पाठवला. अंगठा तर अंगठा.

७ फेब्रुवारी

आता दाढीसाठी लवकर उठतो. केस कुठल्या बाजूला वाढतात ते आधी बोटांनी चाचपायचं. हनुवटीखाली माझे उलटे आहेत. भाऊ म्हणाले, स्वभावासारखेच. पहिला हात केसांच्या दिशेने, दुसरा आडवा. घाई केली की रक्त. आज पहिल्यांदा रक्त आलं नाही. दिवसभर कोणाशी भांडलोही नाही. दोन्हींचा संबंध असेल का?

रोहिणी फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मीही असतो. वर्गातला एकजण तिच्या जातीवरून बोलला, मी त्याचा दात पाडला आणि बोलावणं आल्यावर प्राचार्यांच्या टेबलावर आयकार्ड फेकून निघालो. रोहिणी खूश होईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, असली बोलणी ऐकत मी दहावीपासून सगळ्या परीक्षा दिल्या, आणि तू एक ऐकलंस आणि पळालास. दाढी करताना हे वाक्य अजून कानात येतं.

१० फेब्रुवारी

आज निवृत्तीनाना आले होते. रामकुंडावर दहाव्याला येणाऱ्यांचं क्षौर बेचाळीस वर्षं केलं त्यांनी. आता डोळे अधू झालेत, तरी भाऊंच्या वस्तऱ्यांना धार तेच लावतात. आधी दगडावर, मग चामड्याच्या पट्ट्यावर. डोळ्यांनी नाही, कानांनी लावतात.

आज त्यांनी स्वतःचाच वस्तरा भाऊंना देऊन टाकला. शिंगाची मूठ, पातं झिजून करंगळीएवढं. विकायला ठेवू का, असं भाऊंनी विचारलं. घेणार कोण, नाना म्हणाले. या वस्तऱ्याने हौसेची दाढी कधी केलीच नाही. माणूस समोर बसला की आधी विचारायचं, कोण गेलं. तो नाव सांगणार, मग पातं लागणार. नाव ऐकल्याशिवाय ते एकदाही कोणाच्या तोंडाला लागलेलं नाही.

मी चेष्टेत विचारलं, एखाद्याने खोटंच नाव सांगितलं तर? नाना हसले नाहीत.

"बेचाळीस वर्षांत एवढा रिकामटेकडा कोणी भेटला नाही बघ."

१४ फेब्रुवारी

आजच लिहून टाकतो.

दुपारी कॉलेज रोडला रोहिणी भेटली. जूनमध्ये परत ॲडमिशन घेतलीस आणि तुझ्या घरी स्वतः बोललास, तर मी माझ्या घरी बोलेन, म्हणाली. मी हवेतच परतलो. लगेच आप्पांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग मुलीचं आडनाव विचारलं. नाव नाही, आडनाव. मी सांगितलं. ते म्हणाले, मी मेल्यावर काय करायचं ते कर. मी म्हटलं, आजच मेलात असं समजतो.

भाऊ घरी गेले होते. खाली उतरलो, खणातून तो वस्तरा काढला. राग एवढा, आणि तरी फेस नीट केला. सवय. आरशात बघून मीच विचारलं, कोण गेलं? आणि मीच सांगितलं, माझा बाप. पुंजाराम दगडू, राहणार देवळा.

दोन हातांत मिशी गेली. आग नाही, ओरखडा नाही. इतकी गुळगुळीत दाढी माझी कधीच झाली नव्हती. आप्पांना फोटो पाठवला. सात वाजून दहा मिनिटांनी दोन निळ्या खुणा आल्या. 

१५ फेब्रुवारी

टपरीवाल्या धोंडीरामने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, कोण गेलं? राग उतरला नव्हता. म्हटलं, बाप. त्याने हातातली किटली खाली ठेवून हात जोडले.

दुपारपर्यंत बरं वाटत होतं. मग वाटेना. आप्पा फोन उचलत नाहीत. दिवसभर चंदनाचा साबण ओतला, चाळीस डबे. लेबलं मीच लिहिली.

१७ फेब्रुवारी

माफी मागायची म्हणून आईला फोन केला. तिचा आवाज बसलेला. पोचलास का नीट, असं तिने विचारलं. कुठे पोचलो? ती म्हणाली, परवा अग्नी दिलास आणि न जेवता निघून गेलास, काका चिडलेत, मी नाही चिडले. दहावं तेवीसला रामकुंडावर, आम्ही जीपने येतो.

मी विचारलं, अग्नी कोणाला दिला? ती रडायला लागली. काकांनी फोन घेतला आणि शिव्या घातल्या.

मी देवळ्याला गेलेलोच नाही. पंधरा तारखेला मी इथे साबण ओतत होतो, वहीत लिहिलंय. भाऊ म्हणतात, तू नव्हतास, साबण मी ओतला. फळीवरचे डबे मोजले. चाळीस. लेबलांवर माझं अक्षर. भाऊंना दाखवलं. त्यांनी डबा हातात घेतला, बघितलं, आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, दोन दिवस झोप.

१८ फेब्रुवारी

सकाळी अकरा. फोन वाजला. आप्पा.

आप्पांचाच आवाज. चिडलेले नव्हते. घरात झालंय काय, असं विचारत होते. कोणी बोलत नाही. आई ताट वाढत नाही. भिंतीवर त्यांचाच फोटो, त्याला हार. काकांसमोर उभे राहिले तर काका बाजूने निघून गेले. चार दिवस ओट्यावर बसून आहेत.

घाबरले की आप्पा अहिराणीत बोलतात. मी ते फार वेळा ऐकलेलं नाही.

"मी आठेच शे ना रे?"

म्हटलं, हो आप्पा. तिथेच आहात.

२० फेब्रुवारी

रोहिणी आली. माझ्या आईशी फोनवर बोलून आली होती. तेवढ्यात आप्पांचा फोन आला, म्हणून तिच्याच कानाला लावला. आप्पा बोलत होते, मला बाहेरपर्यंत ऐकू येत होतं. ती बराच वेळ ऐकत राहिली. मग फोन माझ्या हातात दिला आणि हात सोडला नाही. म्हणाली, काहीच ऐकू येत नाहीये, रुद्र.

सहा दिवस झाले. ओठावर एक केस नाही. काचेवर हात फिरवावा तसं.

२१ फेब्रुवारी

नानांकडे गेलो. सगळं सांगितलं, पाय धरले. नाव परत घ्या म्हटलं. त्यांनी अंगठ्याने माझा वरचा ओठ चाचपला. खूप वेळ.

दहाव्यापर्यंत माणूस घरातच असतो, म्हणाले. पिंडाला कावळा शिवला की सुटतो. मी विचारलं, आणि मुलगा बसलाच नाही तर? राहतो, म्हणाले. जिथे आहे तिथे. ओट्यावर.

"नाव परत मागायला कोणी आलं नाही, पोरा. कसं घेतात, मला माहीत नाही."

२२ फेब्रुवारी

आज आप्पांचे पाच फोन. भूक नाही, झोप नाही. आईला हाका मारतात, ती कूस बदलते. आवाज लांबून येतो आता, विहिरीतून यावा तसा.

सांगितलं, उद्या मी बसणार नाही. सगळ्यांना ओरडून सांगेन की तुम्ही जिवंत —

आप्पांनी मधेच तोडलं.

"बस रे तू. नाय बसला तर मी असाच ऱ्हाईन. लय दमलो मी."

आप्पा, मी रागात बोललो होतो.

"ठाव हाय. माझा बी राग तसलाच."

मग त्यांनी त्या मुलीचं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ते एकदा म्हणून बघितलं.

२३ फेब्रुवारी

सात वाजले. खाली गल्लीत जीप आली. आई. काका. कोणी वर बघत नाही —

मागे, टोपल्यांच्या शेजारी, अंग चोरून — आप्पा. काकांनी त्यांच्या मांडीवरच पिशवी ठेवली.

ते वर बघतायत.

नाही बसलो तर ते ओट्यावर. कायमचे. बसलो तर — माझ्याच हाताने —

गुरुजी विचारतील, कोणाचं. मलाच नाव सांगायचंय. परत.

बसतो.

फोन वाजतोय. घाई कर म्हणतात, ऊन वाढलं की आईला त्रास होतो. हो आप्पा. आलो. वही इथेच ठेवतो, कडी लावतो आणि —